प्रार्थनेच्या वेळेतून व्यायामाला वेळ काढणे योग्य आहे का, आणि मधुमेह असताना उपवास करावा का?

तुम्ही विचारले आहे की, पहाटेचा एकच तास हाताशी असतो. तो प्रार्थनेला आणि वचनाच्या, म्हणजे पवित्र शास्त्राच्या, वाचनाला दिला तर चालणे राहून जाते, आणि चालायला गेले तर देवाचा वेळ शरीरासाठी खर्च केल्याची टोचणी लागते. शिवाय मधुमेहाची गोळी सुरू असताना येत्या लेंटमध्ये (ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात) मंडळीच्या तीन दिवसांच्या उपवासप्रार्थनेला बसावे की नाही, हेही तुम्हाला ठरवता येत नाही. मी नागपूरच्या सदर भागात राहणारा, मराठी मंडळीतला एक साधा विश्वासणारा आहे. डॉक्टर नाही आणि पाळकही नाही. परंतु हा प्रश्न अनेक वर्षे माझाही होता, म्हणून जे माझ्यावर बेतले ते आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी लेंटमध्ये मी शुक्रवारी निर्जळी उपवास धरला होता. सकाळची मधुमेहाची गोळी मात्र सवयीने घेतली होती. दुपारच्या प्रार्थनासभेत स्तोत्र वाचताना अक्षरे एकमेकांत मिसळू लागली, हातांना कापरे भरले आणि मार्चचे ऊन बाहेर असतानाही मानेवरून थंड घाम ओघळू लागला. मला वाटले, पवित्र आत्म्याचा स्पर्श होतो आहे. आजूबाजूच्या लोकांनाही तसेच वाटले आणि त्यांनी प्रार्थनेचा आवाज वाढवला. मागच्या बाकावर एक मावशी बसल्या होत्या, ज्यांनी आयुष्यभर परिचारिकेचे काम केले आहे. त्या उठून आल्या, माझा तळहात चाचपला आणि म्हणाल्या, “भाऊ, तोंड उघडा. गोळी घेऊन उपाशी बसलात का?” स्वयंपाकघरातून आणलेली साखर त्यांनी पाण्यात कालवून मला पाजली. नंतर यंत्रावर मोजले तेव्हा, साखर पोटात गेल्यावरही, आकडा 58 होता. 70 च्या खाली गेलेली साखर धोक्याची समजतात. माझी गोळी ग्लिमेपिराइडची होती. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते आणि पोटात अन्न आहे की नाही याची वाट पाहत नाही, हे मला त्या दिवशी कळले.

त्या रात्री मी पवित्र शास्त्रातला 1 राजे 19 हा अध्याय पुन्हा वाचला. कर्मेल पर्वतावर एवढा मोठा विजय पाहिलेला एलीया संदेष्टा ईजबेल राणीच्या भीतीने रानात पळतो, झुडपाखाली बसून मरण मागतो आणि तिथेच झोपी जातो. देवाचा दूत त्याला अविश्वासाबद्दल दटावत नाही. तो त्याला हात लावून उठवतो आणि खायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलीया खातो, पुन्हा झोपतो, आणि दूत दुसऱ्यांदा येऊन पुढचा प्रवास मोठा आहे म्हणून त्याला पुन्हा खायला लावतो. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस चालून होरेब पर्वताला पोहोचतो, आणि देवाची ती शांत, मंद वाणी त्याला ऐकू येते ती त्यानंतर. लहानपणापासून मी हा भाग ऐकत आलो होतो, पण वाणीच्या आधी दोन झोपा आणि दोन जेवणे आहेत, याकडे माझे कधी लक्षच गेले नव्हते. तेव्हापासून आत्मा आणि शरीर यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालणे मी सोडून दिले. आपण प्रार्थना करतो ती याच शरीराने करतो.

व्यायामाविषयी आपल्याकडे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय सांगितला जातो, की शरीराच्या कसरतीचा उपयोग थोडा आहे आणि सुभक्तीचा सर्व बाबतींत आहे. हे खरेच आहे. परंतु ‘थोडा’ म्हणजे ‘मुळीच नाही’ नव्हे. शिवाय हे लिहिणारा पौल कसा जगत होता तेही पाहावे. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात त्याचे सोबती त्रोवसाहून तारवाने निघतात आणि तो स्वतः मात्र अस्सापर्यंत पायी जातो. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माझ्यासारख्याने त्या वचनाचा आधार घेऊन न चालणे मला आता प्रामाणिक वाटत नाही.

म्हणून तुमच्या एका तासाविषयी मी एवढेच सुचवीन की, त्यातली वीस-पंचवीस मिनिटे वचन उघडून बसा आणि उरलेल्या वेळात मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठीची, प्रार्थना चालता चालता करा. मी सेमिनरी हिल्सवर जातो. सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे त्या टेकडीला हे नाव मिळाले, आणि तिथे चालताना ही गोष्ट मनात असते. पहिल्या वळणापर्यंत घरच्यांसाठी, चढावर मंडळीतल्या आजाऱ्यांची नावे घेऊन, उतारावर आभार, असा माझा क्रम ठरलेला आहे. चढावर दम लागतो तेव्हा नावे हळू घ्यावी लागतात आणि मग प्रत्येक नावापाशी मन खरोखर थांबते. गुडघ्यांवर असताना मला हे क्वचितच साधले होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते, म्हणजे पाच दिवस रोज अर्धा तास. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या आसपास जातो, तेव्हा सहाच्या आतच निघावे.

झोपेबद्दल थोडक्यात सांगतो. प्रभूने डोंगरावर रात्रभर प्रार्थना केली आणि तोच प्रभू वादळात नावेत उशीवर डोके ठेवून झोपलाही होता. एखादी रात्र जागून प्रार्थना करणे वेगळे, आणि दर आठवड्याला जागरण करून दुसऱ्या दिवशी घरच्यांवर चिडणे वेगळे.

औषध घेणे म्हणजे विश्वास कमी पडणे, असे कुणी म्हणाले तर लूकाला पौल ‘प्रिय वैद्य’ म्हणतो याची त्यांना नम्रपणे आठवण द्या. आपल्या नागपुरात तर ज्या स्कॉटिश मिशनचे स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये वचन घेऊन आले, त्याच मिशनने पुढे सीताबर्डीला म्युर मेमोरियल हॉस्पिटल उभे केले.

आता तीन दिवसांच्या उपवासप्रार्थनेविषयी. सभेला जरूर बसा, पण निर्जळी राहू नका आणि गोळी स्वतःच्या मनाने बंदही करू नका. राखेच्या बुधवारच्या, म्हणजे लेंट सुरू होण्याच्या, दोन-तीन आठवडे आधी डॉक्टरांकडे जा, गोळ्यांची पाकिटे सोबत न्या आणि कोणत्या वेळी काय खाणार नाही हे त्यांना स्पष्ट सांगा; मात्रा किंवा वेळ बदलायची की उपवासच टाळायचा, हे त्यांना ठरवू द्या. ते नको म्हणाले तर गोड पदार्थ, मांसाहार किंवा रात्रीचा मोबाईल सोडा. गेल्या लेंटमध्ये मी तेच केले आणि पाळकसाहेबांनी ते आनंदाने मान्य केले. सभेत शेजारी बसणाऱ्या एका तरी व्यक्तीला तुमच्या गोळीची कल्पना देऊन ठेवा, आणि ग्लुकोजची पुडी पवित्र शास्त्राच्या पिशवीतच ठेवा, म्हणजे ती घरी राहणार नाही.