पस्तिशीच्या आसपास पहिल्यांदाच तालुक्याच्या क्रॉस कंट्रीत पळावं का? भरतीच्या पोरांपुढे हसं होईल का?

पळा की, त्यात एवढा विचार कसला. तुम्ही लिहिलंय की वय ३४, रोज सकाळी डांबरी रोडवर पाच-सहा किलोमीटर पळणं होतं, पाच आठवड्यांनी तालुक्याला खुल्या गटाची ८ किलोमीटरची क्रॉस कंट्री, म्हणजे रोड सोडून माळा-रानातून पळायची शर्यत आहे, माळावर दोन किलोमीटरचा लूप आखलाय त्याला चार फेऱ्या, आणि भीती ही की सगळी भरतीची पोरं असणार, आपण शेवटी राहणार आणि लोक हसणार. मी साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यातला, आमच्याकडे असल्या शर्यती दरवर्षी कुठे ना कुठे असतात आणि चाळिशीतही मी हौसेने नाव देतो, त्यामुळे त्या अनुभवावरून सांगतो.

आधी हसण्याचं. लूपची शर्यत असली की पहिले पाच-दहा जण सोडले तर मागचा कोण कितव्या फेरीत आहे हे पंचांनाच धड कळत नसतं, तिथे बांधावर बसलेल्या पब्लिकला काय कळणार. तुम्ही तिसऱ्या फेरीत असाल आणि कोणीतरी "शाब्बास, आला आला, शेवटची फेरी!" म्हणून ओरडेल, ओरडू द्यायचं. तुम्हाला एकदा लॅप बसणार, म्हणजे पुढचा एक अख्खी फेरी जास्त मारून तुम्हाला मागून गाठणार, हे मात्र धरूनच चाला. पुढचा पोरगा २७-२८ मिनिटांत ८ किलोमीटर संपवणार, तुम्हाला ४२-४५ लागतील, म्हणजे तुमची दुसरी फेरी संपायच्या आधीच तो मागून येऊन निघून जाणार. त्यात लाज काही नाही, फक्त मागून पावलं ऐकू आली की आतली बाजू सोडून द्यायची, थांबायचं नाही. आणि नाव देतानाच विचारून घ्या की कट-ऑफ टाइम, म्हणजे अमुक वेळेत संपवायचंच अशी अट आहे का, कारण काही ठिकाणी लॅप बसलेल्यांना बाहेर काढतात, ते आधी माहीत असलेलं बरं.

आता भरतीची पोरं. ही पोरं जबरदस्त असतात पण त्यांचं सगळं ट्रेनिंग १६०० मीटरचं असतं, पोलीस शिपाई भरतीला मुलांची लांबची धाव तेवढीच असते आणि सैन्य भरतीचंही तसंच साधारण मैलभर. त्यामुळे शिट्टी वाजली की निम्मी पोरं त्याच १६०० च्या स्पीडने सुटतात, धुरळा उडतो, आणि तुम्हाला वाटतं आपण खरंच शेवटून पहिले. घाबरायचं नाही. अडीच-तीन किलोमीटरला यातलेच कितीतरी जण कमरेवर हात ठेवून चालताना दिसतात आणि तुम्ही रोज पाच-सहा किलोमीटर शांतपणे पळणारा माणूस त्यांच्या बाजूने निघून जाता. क्रॉस कंट्रीची खरी मजा हीच आहे राव, मागून एकेक जण पकडत जाणं. पहिल्या दोन मिनिटांत किती जण पुढे गेले ते मोजूच नका.

घड्याळही घरी ठेवलंत तरी चालेल, निदान पेस, म्हणजे एका किलोमीटरला किती मिनिटं लागतात ते, बघू नका. रोडवर तुमचा साडेपाचचा पेस असेल तर माळावर त्याच दमात सहा लागेल, चढ आणि ढेकळं असतील तर त्याहून जास्त, आणि पाऊस पडून गेला असेल तर हिशोबच सोडा. रोडवर सवय झालेली असते दर किलोमीटरला मनगटाकडे बघायची, इथे मनगटाकडे बघितलं की पाय खड्ड्यात. या प्रकारात टायमिंगला तशी किंमतच नसते, कारण प्रत्येक मैदान वेगळं, त्याच मैदानावर पुढच्या वर्षी गवत वेगळं. नंबर कितवा आला एवढंच धरतात. म्हणून दम बघून पळायचं. पहिल्या फेरीत शेजारच्याशी दोन-तीन शब्द बोलता आले पाहिजेत एवढाच जोर लावायचा, दुसरीत बोलणं बंद, तिसरी सगळ्यात वाईट असते कारण संपतही नाही आणि सुरुवातीचा उत्साहही गेलेला असतो, आणि चौथीत आपोआप येतं सगळं.

जमिनीबद्दल थोडं जास्त बोलतो कारण रोडवाल्यांना नेमकं हेच माहीत नसतं. मुरमाड माळ असेल तर वरून टणक दिसतो पण त्यावर बारीक खडे सुटे असतात आणि उतारावर पाय सरकतो, विशेषतः वळताना. उतारावर मागे रेलून ब्रेक लावत पळाल तर मांड्या तिथेच संपतात, त्यापेक्षा पावलं बारीक करायची, हात जरा बाजूला काढायचे तोलासाठी, आणि नजर आपल्या पायावर नाही तर चार-पाच पावलं पुढे. काळी जमीन असेल आणि आदल्या दिवशी पाऊस झाला असेल तर बुटाला चिखल असा चिकटतो की प्रत्येक पायाला अर्धा किलोचं वजन बांधल्यासारखं वाटतं, तिथे सगळेच हळू होतात, बूट झटकायला थांबू नका, पुढे गवत आलं की निम्मा आपोआप पडतो. नांगरलेलं रान सगळ्यात बेकार. तिथे लांब टांगा टाकायच्याच नाहीत, तासाच्या, म्हणजे नांगराने पडलेल्या चरांच्या, ओळीतून आडवं न जाता शक्य असेल तर तासातूनच जायचं, आणि घोटा सैल ठेवायचा. पावसाळ्यानंतरच्या शर्यतीत अजून एक शत्रू म्हणजे कुसळ. मोज्यात घुसलं की दर पावलाला टोचतं आणि शर्यतभर दुसरं काही सुचत नाही, म्हणून जाळीचे पातळ मोजे घालू नका, आखूड आणि घट्ट विणीचे घाला. बांध ओलांडताना उडी मारण्यापेक्षा त्याच्यावर एक पाय ठेवून उतरलेलं बरं, उडीचा हिरोपणा पहिल्या फेरीत होतो, चौथीत तोच बांध गुडघ्याएवढा वाटतो.

तयारीला पाच आठवडे म्हणजे भरपूर आहेत, फक्त रोज डांबरावर पळणं थांबवा. आठवड्यातून दोन दिवस तरी खऱ्या माळावर जा, गावाबाहेरची गायरान जमीन, टेकडी, धरणाचा काठ, काहीही चालेल. एक दिवस चढाचा ठेवा, मिनिटभराचा चढ जोरात वर आणि चालत खाली, असं सुरुवातीला पाच-सहा वेळा आणि मग हळूहळू वाढवा. चढावर कमरेत वाकू नका, घोट्यातून थोडं पुढे झुका आणि हात चालवा, हात चालले की पाय चालतात. रविवारी नऊ-दहा किलोमीटर आरामात, त्यातला निम्मा भाग कच्च्या रस्त्यावर. आणि घोट्यासाठी सगळ्यात सोपं काम म्हणजे दात घासताना एका पायावर उभं राहायचं, दोन आठवड्यांनी डोळे मिटून, वेड्यासारखं दिसतं पण माळावर पाय मुरगळण्यापासून यानेच वाचवलंय. शेवटच्या आठवड्यात नवीन काही करू नका. बीपी, शुगर किंवा घरात हृदयविकार असेल तर डॉक्टरला एकदा दाखवून या, त्यावर जास्त बोलत नाही.

बुटांवर लोक फार डोकं खातात. हल्लीचे जाड सोलचे गुबगुबीत बूट रोडला छान पण वाकड्यातिकड्या जमिनीवर त्यात पाय डुगडुगतो, त्यामुळे जुना, पातळ सोलचा, खाली जरा ग्रिप असलेला जोड असेल तर तोच काढा. ट्रेल शूज, म्हणजे कच्च्या वाटेवर पळायचे बूट, असतील तर उत्तमच, पण एका शर्यतीसाठी चार-पाच हजार घालू नका. स्पाइक्सच्या, म्हणजे खाली खिळे असलेल्या बुटांच्या, भानगडीत पडू नका, सवय नसताना पोटऱ्या भरून येतात आणि मध्ये डांबरी रस्ता किंवा खडकाचा पट्टा आला की घसरायला होतं. काही पोरं अनवाणी पळतात आणि आपल्या पुढेही जातात, त्यांचं बघून आपण काढायचे नाहीत. लेसला दोन गाठी मारा आणि टोकं आत खोचा.

शर्यतीच्या सकाळचं एक गुपित सांगतो जे कुठल्याच ट्रेनिंग प्लॅनमध्ये नसतं. पत्रिकेवर सकाळी साडेसहा लिहिलेलं असतं, पण प्रमुख पाहुणे आल्याशिवाय नारळ फुटत नाही आणि नारळ फुटल्याशिवाय शिट्टी वाजत नाही. त्यानंतर सत्कार, मग दोन शब्द, ते दोन शब्द वीस मिनिटांचे. तुम्ही सव्वासहाला वॉर्मअप करून घाम काढून बसलात तर सुरू होईपर्यंत गार पडाल. तेव्हा आधी नुसतं चालत राहा, सावलीत थांबा, आणि पाहुण्यांची गाडी आली, स्टेजवर हालचाल दिसली की मग दहा मिनिटं हलकं जॉगिंग आणि चार-पाच स्ट्राइड्स, म्हणजे थोड्या अंतराच्या मोकळ्या, वेगवान धावा. उशिरा सुरू होणार म्हणजे ऊन लागणार हेही धरा, पाणी आधीपासून थोडं थोडं पीत राहा. आणि उन्हाला हलक्यात घेऊ नका. क्रॉस कंट्री एकेकाळी ऑलिम्पिकमध्ये होती, १९१२, १९२० आणि १९२४ ला, शेवटच्या वेळी पॅरिसच्या भयानक उन्हात ३८ जण सुटले आणि फक्त १५ जण शेवटपर्यंत पोचले, जिंकला तो फिनलंडचा पावो नुर्मी, आणि त्यानंतर हा प्रकार ऑलिम्पिकमधून गेला तो गेलाच. जगातल्या तगड्या माणसांचं हे झालं तर आपण चक्कर आल्यासारखं वाटलं की सरळ बाजूला होऊन बसायचं.

आदल्या दिवशी संध्याकाळी जाऊन एक फेरी चालत मारून या. फक्कीची रेघ कुठे आहे, झेंड्या कुठे लावल्यात, कुठल्या वस्तीवर कुत्री आहेत, सगळं कळतं. वळणावर उभी केलेली शाळेतली पोरं स्वयंसेवक म्हणून असतात आणि निम्मा वेळ मोबाइलमध्ये, त्यामुळे त्यांच्या भरवशावर राहू नका. हे फक्त आपल्याकडेच होतं असं नाही हां, इंग्लंडची पहिली राष्ट्रीय क्रॉस कंट्री १८७६ ला झाली तेव्हा सगळेच्या सगळे ३२ जण वाट चुकले होते आणि शर्यत रद्द धरावी लागली.

सुटताना मधोमध उभे राहू नका. सुरुवातीला मैदान रुंद असतं पण दोन-तीनशे मीटरवर वाट अरुंद होते आणि तिथे कोपरं, ढकलाढकली, एखादा पडतोच. पहिलं वळण डावीकडे असेल तर उजव्या टोकाला, मागच्या बाजूला उभे राहा, दहा-वीस मीटर जास्त पळावं लागलं तरी अंगावर कोणी पडत नाही. फेरी मोजायला काही ठिकाणी प्रत्येक फेरीला हातात रबर बँड देतात, काही ठिकाणी हातावर पेनाने खूण करतात, ते घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर चार फेऱ्या मारूनही तीनच धरल्या जातात आणि मग टेबलापाशी जाऊन भांडत बसायचं.

आणि एक, तुमच्या ग्रुपमधून अजून कोणी पळत असेल तर सांघिक गट आहे का ते विचारा. आपल्यासारख्यांसाठी खरी गंमत तिथे आहे. सहसा सहा जणांची टीम असते, त्यातल्या पहिल्या चौघांचे नंबर मिळवतात आणि ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. म्हणजे एक पोरगा पहिला आला आणि बाकीचे ढेपाळले तर काही उपयोग नाही, टीमचा चौथा माणूस साठावा आला की पंचेचाळिसावा यावरच ढाल ठरते. तुम्ही तो चौथा माणूस असाल तर शेवटच्या फेरीत पुढे दिसणाऱ्या प्रत्येक पाठीची किंमत एक गुण आहे. पहिल्या नंबरची मारामारी ज्यांना करायची ते करतील, ४८ आणि ४७ नंबरची मारामारी मी तरी मनापासून करतो.

आमच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीच्या, फायनलला पळाली, त्याच स्टीपलचेसमधला बीडच्या आष्टीकडचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि तिथल्या क्रॉस कंट्रीतूनच पुढे आला, त्यामुळे आमच्याकडे प्रत्येक शर्यतीत माइकवाले ही दोन नावं घेतातच. तुम्ही त्यातले नाही, मीही नाही, पण ज्या मुरमाच्या माळावर ही माणसं तयार झाली तसल्याच माळावर आपल्याला चार फेऱ्या मारायला मिळतात आणि एंट्री फी असली तर शे-दोनशे रुपये. शहरातल्या त्या टी-शर्ट आणि मेडलवाल्या मॅरेथॉनला हजार-दीड हजार भरण्यापेक्षा मला हे कधीही बरं वाटतं, पाच किलोमीटरला मॅरेथॉन म्हणणाऱ्या फ्लेक्सवाल्यांबद्दल तर बोलायलाच नको.

जाताना आधार कार्ड आणि जन्मतारखेचा पुरावा न्या, कुठे ३५ वरचा वेगळा गट असतो कुठे ४० वरचा, तेही बघून घ्या. चेस्ट नंबर छातीवर लावतात, पाठीवर नाही, आणि चार सेफ्टी पिना घरूनच न्या कारण टेबलावर दोनच मिळतात. शेवटी बांबू-दोरीची गल्ली केलेली असते, त्यात आत गेल्यावर ओळ मोडायची नाही, हातात टोकन पडेपर्यंत खाली बसायचं नाही, कितीही दम लागलेला असो. टोकन टेबलावर दिलं, नाव लिहून घेताना बघितलं, की मग केळी आणि पाण्याच्या बाटलीकडे जायला मोकळे.