आधी वळण, मग इंजिन

कोल्हापूर, रविवार रात्र

चिरंजीव,

अनेक आशीर्वाद.

परवा तू गेलास आणि तुझी काकी म्हणाली, "पोरगं चहा तसाच ठेवून गेलं." इतका घोळात होतास. पहिल्या पगारातून घेतलेलं मॉडेल रेल्वेचं, एचओ मापाचं इंजिन माझ्या टेबलावर ठेवलंस, दहा बाय आठच्या खोलीचा कागद पुढे सरकवलास आणि विचारलंस, "काका, एचओच बरोबर ना?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. इंजिनाकडे बघताना तुझा चेहरा असा होता की खरं बोलवेना. म्हणून लिहितो.

तू उलटीकडनं सुरुवात केलीस. आधी वळण ठरवायचं, मग इंजिन.

एचओ म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं; एन म्हणजे १:१६०, त्याहून लहान; एकाच्या ट्रॅकचं गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६.५ मिलिमीटर, दुसऱ्याचं ९. हे तुला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे. पण भिंतीपाशी आलेली गाडी वळणार कशी, हे तू एकदाही मोजलं नाहीस. आपल्या रेल्वेचा नवा एलएचबी डबा साडेतेवीस मीटरचा. एचओमध्ये तो २७ सेंटिमीटर होतो, एनमध्ये पावणेपंधरा. वळणाची त्रिज्या डब्याच्या निदान तिप्पट धरावी, तर डबा वळणावर बरा दिसतो. कर हिशोब. एचओमध्ये ८१ सेंटिमीटर त्रिज्या, म्हणजे गाडी नुसती माघारी फिरवायला कडेच्या जागेसकट सहा फूट रुंदी. खोली आठ फुटांची, दार आत उघडतं, कॉट कुठे टाकणार? आणि टेबल भिंतीला लागून असेल तर अडीच फुटांपलीकडे हात पोचत नाही. पलीकडचा डबा पडला की काय टेबलावर चढणार आहेस? एनमध्ये हेच वळण ४४ सेंटिमीटर त्रिज्येत बसतं. सव्वातीन फुटांत काम झालं.

आता माझं ऐक. हे काकीशिवाय कुणाला माहीत नाही.

माळ्यावरच्या खोलीत मला महालक्ष्मी एक्सप्रेस पळवायची होती. एचओमध्ये. एका मित्राकरवी मुंबईहून इंजिन आणलं आणि डबे स्वतः केले, जुन्या आयसीएफ पद्धतीचे, साडेचोवीस सेंटिमीटरचे, कार्डशीटचे. एकेक खिडकी ब्लेडनं कापलेली. एका डब्याला महिना जायचा. सहा डबे झाल्यावर ट्रॅक टाकायला घेतला, आणि खोलीत १५ इंचांच्या वरची त्रिज्या बसेना. बसेना तर बसवली. पहिल्याच फेरीत तिसऱ्या डब्याचं बफर, म्हणजे टोकाचा धक्के झेलणारा दांडा, चौथ्याच्या बफरात अडकलं, चाक रुळावर चढलं आणि डब्याचा पोटाकडचा भाग आत झुकून सिग्नलचा खांब घेऊन गेला. आठवडाभर मी डब्याखालची चाकांची बोगी घास, कपलिंग लांब कर, असलं करत बसलो. वळण चुकलंय हे कबूल करायचं नव्हतं ना. शेवटी एका रात्री ब्लेड घेतलं, प्रत्येक डब्याच्या मधनं दोन खिडक्यांएवढा तुकडा कापून काढला आणि उरलेली टोकं फेविकॉलनं जोडली.

गाडी फिरली. पण धुवून आटलेल्या सदऱ्यासारखी दिसायची. मी ती कुणाला दाखवली नाही. कापलेले तुकडे अजूनही एका खोक्यात ठेवलेत, का ते विचारू नकोस.

आणि मी कोण? उद्यमनगरात जन्मभर पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लाकडी नमुने, केलेला माणूस. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, थंड होताना मीटरमागे साधारण १० मिलिमीटर आटतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच तेवढी मोठी असते. हातातलं लाकूड मोजायचं नसतं, साच्यातून बाहेर येणार ते मोजायचं असतं. दिवसभर हेच करायचो आणि संध्याकाळी घरी येऊन हातातलं इंजिन मोजत बसायचो! तुझ्यावर चिडतोय असं वाटेल. तुझ्यावर नाही.

काही जण तुला म्हणतील, १६.५ मिलिमीटरचा ट्रॅक तर १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी आहे, आपलं ब्रॉडगेज १६७६, एचओमध्ये सव्वाएकोणीस हवा. खरं आहे. मान डोलव आणि पुढे जा. आणि जुनी लाइन करायची हौस असेल, म्हणजे १८९१ ला संस्थानानं आणलेली मीटरगेज, जी मी पोरवयात पाहिली आणि १९७१ च्या सुमाराला गेली, तर एचओमध्ये त्याला १२ मिलिमीटरचा ट्रॅक लागतो. ते नंतर बघू.

तू म्हणालास, "पण काका, मिरज ते कोल्हापूर पूर्ण करायचंय." अरे, ती ४७ किलोमीटर लाइन एचओमध्ये ५४० मीटर होते. तुझी गल्ली ओलांडून जाईल. काहीतरी सोडावंच लागणार. मग काय सोडायचं ते तू ठरव, खोलीला ठरवू देऊ नकोस. रुकडीच्या पुढे पंचगंगेच्या पुलावरनं लांबलचक गाडी जाताना बघायचीय? तर एन घे, वळण मोकळं मिळेल. की हेच इंजिन हवंय? तर मग वळणच नको! आपलं कोल्हापूर टर्मिनस आहे हे विसरलास काय? गाडी येते, थांबते, इंजिन सुटतं, बाजूच्या लाइननं दुसऱ्या टोकाला जाऊन लागतं. भिंतीला दीड फुटाची फळी, तीवर प्लॅटफॉर्म, दोन-तीन लाइनी, चार डबे, पलीकडे गुळ मार्केटचं सायडिंग, म्हणजे बाजूची लाइन. दहा फुटांत एचओ आरामात मावेल. वळण सव्वातीन फुटांचं, सहा फुटांचं किंवा अजिबात नाही, पण ते आधी ठरव. मी म्हाताऱ्यासारखं तेच तेच बोलतोय हे मला कळतंय.

मी आता एनवर आहे ते तू पाहिलंस. लोक म्हणतात काकांनी हार मानली. दहा डब्यांची गाडी माझ्या टेबलावर न अडकता फिरते, एकही डबा कापलेला नाही. माणूस एवढासा, साडेदहा मिलिमीटरचा. भिंग लावून रंगवावा लागतो आणि हात थरथरतो, ते असू दे. एचओमध्ये इंजिनाला वजन असतं, रुळावर ठेवताना हाताला कळतं, ते इथे नाही. रात्री कधी कधी ते जुनं इंजिन काढून नुसतं पुसतो. त्याला हार म्हणत नाहीत.

इंजिन परत करू नकोस. पण एकही डबा आणि एकही फूट ट्रॅक आता घेऊ नकोस. येत्या रविवारी सकाळी मी तुझ्याकडे येतो. खोलीतली कॉट बाहेर काढून ठेव आणि फरशी पुसून घे. खिळा, सुतळी आणि खडू मी आणतो. तिन्ही पर्याय फरशीवर आखू. आणि इंजिन कपाटात ठेव. समोर असलं तर मी तेच बघत बसेन आणि दुपार होईल.

तुझा,
काका