कॉलेजचं बोनेट उघडून बघ

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ऑटोमोबाईल शिकवणाऱ्या अकरा कॉलेजांची यादी केलीस, प्रत्येकापुढे फी लिहिलीस, हॉस्टेल लिहिलंस, एका ठिकाणी तर कॅन्टीनचा वडापाव कसा आहे तेही. वर्कशॉपबद्दल मात्र एक ओळ नाही. बाबा म्हणाले, "काकांना विचार, त्यांची हयात गॅरेजात गेली." तेव्हा आता ऐकून घे.

आधी एक ठरव. गाडी घडवायची आहे, की बिघडलेली गाडी ओळखून नीट करायची आहे? चार वर्षांचं बी.ई. ऑटोमोबाईल मुख्यतः पहिल्या कामासाठी आहे. थर्मोडायनॅमिक्स, मशीन डिझाइन, व्हायब्रेशन. चाकण-पिंपरीच्या कारखान्यांत, टेस्टिंगमध्ये, डिझाइनच्या ऑफिसात ते लागतं. पण ती डिग्री घेऊन सर्व्हिसमध्ये आलेली पोरं मी पाहिली आहेत. पहिल्याच आठवड्यात त्यांच्या हातात जॉब कार्ड, म्हणजे गिऱ्हाइकाच्या तक्रारी लिहायचा कागद, देऊन काउंटरवर बसवतात, आणि गाडीखाली काय चाललंय ते त्यांना शेवटपर्यंत दुसऱ्याकडून कळतं.

तुला दुसरं काम आवडतं असं पत्रावरून दिसतंय. त्यासाठी एक रस्ता डिप्लोमाचा. दहावीनंतर तो तीन वर्षांचा, पण तुझी बारावी सायन्स झाली आहे, म्हणजे थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. दोन वर्षांत डिप्लोमा, आणि तेव्हाही शिकावंसं वाटलं तर बी.ई.च्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश. एकूण एक वर्ष जास्त जाईल. जाऊ दे.

दुसरा रस्ता बी.व्होक.चा, म्हणजे व्यवसाय शिकवणाऱ्या पदवीचा. यूजीसीने ही पदवी २०१४ मध्ये आणली. मूळ योजनेत एका वर्षानंतर सोडलं तर डिप्लोमा, दोन वर्षांनी ॲडव्हान्स्ड डिप्लोमा, तिसऱ्या वर्षानंतर पदवी. कल्पना छान आहे, पण सगळा भार कॉलेजने प्रत्यक्ष कामासाठी कंपनीशी केलेल्या करारावर. करार नुसता कागदावरच असेल तर तीन वर्षं फळ्यावरचं इंजिन बघत बसशील. आणि बाबांच्या मनात आरटीओची नोकरी आहे ना, तर हे लक्षात ठेव: सहायक मोटार वाहन निरीक्षकासाठी ऑटोमोबाईल किंवा मेकॅनिकलचा तीन वर्षांचा डिप्लोमा मागतात. तिथे बी.व्होक. चालेल असं धरून चालू नकोस. एमपीएससीच्या जाहिरातीतली पात्रता शब्दन् शब्द वाच. बी.व्होक.च्या एका वर्षानंतर मिळतो तो डिप्लोमा वेगळा आणि हा वेगळा, नाव एकच असल्याने पोरं फसतात.

आता तू विचारलंस, "काका, तुम्ही कुठे शिकलात कॉलेजात?" नाही शिकलो. म्हणून तर सांगतो.

२००८ च्या पावसाळ्यात एका डॉक्टरांची डिझेल गाडी आली. सकाळी सेल्फ मारला की नुसतं कट-कट. मी बॅटरी बदलली. आठ दिवसांनी गाडी परत. मी सेल्फ उतरवला, कार्बन बदलले. पुन्हा परत, या वेळी टोचन करून. तेव्हा माझ्याकडे डिप्लोमा करून नुकताच एक पोरगा लागला होता, हाताला धड ग्रीसही न लागलेला. त्याने मल्टीमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, मागितला. एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला धरली, दुसरी थेट इंजिन ब्लॉकला, आणि मला म्हणाला, "सेल्फ मारा." तिथे अर्ध्या व्होल्टच्या आत आकडा हवा. आला दोनच्या जवळ, म्हणजे व्होल्टेज वाटेतच गळत होतं; यालाच व्होल्टेज ड्रॉप म्हणतात. गिअरबॉक्सकडून चॅसीला जाणारी अर्थिंगची पट्टी होती, तिच्या बोल्टखाली गंज. पॉलिश पेपरने घासून बोल्ट आवळला. वीस मिनिटांचं काम. बॅटरीचे पैसे मी डॉक्टरांना खिशातून परत केले, आणि तो पोरगा समोर होता म्हणून मान खाली घालून केले.

माझा हात त्याच्यापेक्षा दहापट तयार होता. पण मी पार्ट बदलून बघत होतो, तो मोजून बघत होता. आता तर हे सगळ्याच गाड्यांत लागतं. १ एप्रिल २०२० पासून धुराचे कडक नियम, बीएस-सिक्स, आले, इंजिनाभोवती सेन्सर वाढले. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेला बिघाड वाचणारा स्कॅनर लावला की पी०१७१ असा कोड येतो. त्याचा अर्थ एवढाच की हवेच्या मानाने इंधन कमी पडतंय. कुठे हवा ओढली जातेय, एअर फ्लो सेन्सर मळलाय, की पंपाचा दाब कमी आहे, ते कोड सांगत नाही. कोड वाचून सेन्सर बदलणारे गल्लोगल्ली मिळतील.

तेव्हा यादीतल्या कॉलेजांत जाशील तर ऑफिसातल्या माहितीपत्रकाला हात लावू नकोस. वर्कशॉप कुठे आहे विचार. तिथलं इंजिन चालू होतं का बघ. अर्ध्या कॉलेजांत कापून रंग दिलेलं इंजिन काचेच्या पेटीत असतं, देवघरातल्या मूर्तीसारखं, आणि चालू होणारं एकही नसतं. स्कॅनर कपाटात आहे की टेबलावर? विद्यार्थ्यांना वायरिंग डायग्राम देऊन बिघाड शोधायला लावतात का? हे सरांना विचारू नकोस, तिसऱ्या वर्षाच्या मुलांना विचार. मल्टीमीटर हातात देऊन "व्होल्टेज ड्रॉप कसा काढता?" म्हण. उत्तर येण्याआधी चेहऱ्यावरच कळेल.

इलेक्ट्रिक गाडी शिकवतो म्हणणाऱ्यांना आणखी एक विचार: हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावण्याआधी काय करायचं? रबरी हातमोजे तपासून घालायचे, हाय व्होल्टेज बंद करायचं, कंपनीने सांगितला तेवढा वेळ थांबायचं, मग मीटरने खरंच शून्य आलंय का बघायचं. हे ज्यांना पाठ नाही त्यांच्याकडे शिकू नकोस, वायर चुकीची धरलीस तर दुसरी संधी नाही.

आणि मुलगी म्हणून एक. वर्कशॉपजवळ मुलींना कपडे बदलायला खोली आहे का, संडासाला कडी आहे का, ते बघ. लाजू नकोस. जिथे नाही तिथे मुली दुसऱ्या वर्षी आपोआप लायब्ररीत बसायला लागतात.

पगाराचं विचारलं होतंस. सुरुवातीला कमी, बाबांना आवडणार नाही इतका कमी.

पुढच्या आठवड्यात पुण्याला येशील तेव्हा भोसरीत उतर, मी घ्यायला येतो. येताना ती ११ नावांची यादी आण, आणि जमलं तर बाबांच्या स्कूटरचा वायरिंग डायग्राम कुठून तरी मिळव. हेडलाइटपासून बॅटरीपर्यंत बोट फिरवत नेऊन दाखव मला.

आईला नमस्कार.

तुझा,
काका