झिओलाइटच्या छिद्रांत कार्बन डायऑक्साइड अडकतो कसा? लहान रेणू तर निसटायला हवा ना?

तुम्ही विचारलंय की झिओलाइट या बारीक छिद्रांच्या खनिजाला ‘रेणूंची चाळणी’ म्हणतात आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणू नायट्रोजनपेक्षा बारीक असतो, तर चाळणीतून आधी तोच निसटायला हवा. शंका अगदी रास्त आहे. घोळ आहे तो ‘चाळणी’ या शब्दात. मी काही वर्षं प्रयोगशाळेत झिओलाइटची भुकटी हाताळली आहे, आणि सुरुवातीला माझाही हाच गोंधळ झाला होता.

आधी मापं पाहू. कार्बन डायऑक्साइडची रुंदी साधारण ०.३३ नॅनोमीटर धरतात, नायट्रोजनची ०.३६. कार्बन डायऑक्साइड पकडायला नेहमी वापरला जातो तो १३एक्स नावाचा झिओलाइट, आणि त्याच्या छिद्राचं तोंड आहे ०.७४ नॅनोमीटरचं. म्हणजे दोघंही खुशाल आत शिरतात, दारात कुणी अडवत नाही. (खरोखर चाळणीसारखे वागणारे प्रकारही आहेत. ३ए या झिओलाइटची भोकं इतकी अरुंद असतात की पाणी आत जातं आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास बाहेरच राहतो. म्हणून तो वायू सुकवायला वापरतात.)

खरा खेळ आत गेल्यावर सुरू होतो. झिओलाइटचा सांगाडा सिलिकॉन, ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजनचा. सिलिकॉनच्या जागी जिथे जिथे ॲल्युमिनियम बसतं, तिथे सांगाड्यावर एक ऋणभार उरतो. तो फेडायला पोकळीत सोडियमसारखे धनभारित आयन येऊन बसतात. आता कार्बन डायऑक्साइड पाहा: सरळ काडीसारखा रेणू, मध्ये कार्बन, दोन टोकांना ऑक्सिजन. टोकं किंचित ऋण, मधला भाग किंचित धन. दोन्ही बाजूंची ओढ सारखी असल्याने लांबून हा रेणू अगदी तटस्थ वाटतो. पण सोडियमच्या अगदी जवळ आला, की त्याचं ऋण टोक तिकडे वळतं आणि रेणू तिथे चिकटून राहतो. भाराच्या या मांडणीला चतुर्ध्रुव म्हणतात. नायट्रोजनलाही ती असते, पण कार्बन डायऑक्साइडची सुमारे तिप्पट जोरदार.

चिकटतो म्हणजे कायमचा नव्हे. रेणू सतत सुटत असतात, पुन्हा बसत असतात; कार्बन डायऑक्साइड जास्त वेळ टेकतो, इतकंच. आणि तो टेकतो पृष्ठभागावर, पदार्थात विरघळत नाही; म्हणून याला शोषण न म्हणता अधिशोषण म्हणतात. गंमत म्हणजे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरमध्ये हेच तत्त्व उलट बाजूने कामाला येतं. तिथे झिओलाइट हवेतला नायट्रोजन धरून ठेवतो आणि ऑक्सिजन पुढे जाऊ देतो, कारण त्या दोघांत नायट्रोजनचा चतुर्ध्रुव मोठा. म्हणजे कोण पकडला जाणार, हे शेजारी कोण आहे त्यावर ठरतं.

१३एक्सचा १ ग्रॅम, शुद्ध कार्बन डायऑक्साइडमध्ये, खोलीच्या तापमानाला आणि वातावरणाच्या दाबाला, साधारण ०.२ ग्रॅम वायू धरतो. बाहेरच्या हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के असतो, तिथे ही क्षमता फार खाली येते. कोळशाच्या धुरात तो १२ ते १५ टक्के असतो, त्यामुळे तिथे काम पुष्कळ सोपं.

माझ्या मते पकडण्यापेक्षा सोडवणं महत्त्वाचं. झिओलाइट काही एकदा भरून फेकून द्यायचा नसतो. इथे रासायनिक बंध तयार होत नाही, म्हणून दाब उतरवला किंवा गरम केलं की वायू बाहेर येतो आणि तोच झिओलाइट पुन्हा वापरता येतो. १ मोल कार्बन डायऑक्साइड सोडवायला १३एक्सला साधारण ४० किलोज्यूल लागतात. कार्बन डायऑक्साइड पकडायची दुसरी पद्धत म्हणजे अमाइन या रसायनांचं द्रावण; तिथे रासायनिक बंध तोडायचा असल्याने याच्या दुपटीच्या आसपास.

मग सगळीकडे झिओलाइटच का नाही? पाणी! पाण्याच्या रेणूत भाराची विभागणी सरळसरळ एकतर्फी असते, त्यामुळे सोडियम त्यालाच आधी कवटाळतो. एकदा मी ३०० अंशांवर तापवून कोरडी केलेली भुकटी उघड्या मुशीत ठेवून जेवायला गेलो. परत येऊन मोजलं तर निम्मी क्षमताही उरली नव्हती. दोन दिवस मी यंत्रालाच दोष देत बसलो. खरं तर या दगडाचं नावच ते सांगतं: १७५६ मध्ये स्वीडनच्या क्रोनस्टेट यांनी असं खनिज तापवलं, त्यातून वाफ उसळली, आणि त्यांनी ग्रीक शब्द जोडून ‘उकळणारा दगड’ असं नाव दिलं. ॲल्युमिनियम कमी केलं तर पाण्याची ओढ घटते, पण आयनही घटतात आणि कार्बन डायऑक्साइडवरची पकडही सैल होते.

आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या यंत्रणेने यावर सरळ मार्ग काढला. अंतराळवीरांच्या श्वासाची हवा आधी सिलिका जेल आणि १३एक्सच्या थरातून नेऊन कोरडी करायची, मग ५ए झिओलाइटवर कार्बन डायऑक्साइड पकडायचा. कोरडी हवा परतताना दुसऱ्या ओल्या थरातून जाते आणि तिथलं पाणी केबिनमध्ये परत नेते. भरलेला झिओलाइट तापवून, निर्वात करून रिकामा करतात. तिथे त्रास दिला तो मात्र भलत्याच गोष्टीने: दाणे झिजून झालेली भुकटी झडपांत जाऊन बसायची.