वाचकांचे प्रश्न : १:१४ ट्रकची चाकं, ॲक्सल आणि आत तुटलेला टॅप

या वेळी बहुतेक प्रश्न १:१४ मापाच्या ट्रकसाठी धातूचे भाग घरी काढणाऱ्यांचे आहेत. सगळ्यांना पुरतील असे सहा निवडले. मापं सगळी मिलिमीटरमध्ये.

प्रश्न : जुन्या पद्धतीच्या दोन ॲक्सलच्या ट्रकचं मॉडेल करतोय. सहा चाकं आणि एक स्टेपनी अशा सात रिम ५० मिमी अल्युमिनियमच्या सळईतून छोट्या लेथवर काढल्या. हबची जाडी २० मिमी, दोन्ही बाजूंनी ५×११×४ ची (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) बेअरिंग. व्हर्नियरने प्रत्येक माप बरोबर येतं, तरी पुढची चाकं लंगडतात. शिवाय नट आवळला की चाक जड फिरतं. लेथ खराब आहे का? (इचलकरंजी)

उत्तर : लेथ ठीक आहे. कामाचा क्रम चुकलाय, आणि ही दोन दुखणी वेगवेगळी आहेत.

आधी लंगडणं. तुम्ही एका बाजूने बेअरिंगचं घर काढलं, जॉब (लेथवरचा तुकडा) उलटवला आणि दुसरं घर काढलं. छोट्या लेथचा तीन जबड्यांचा चक (जॉब धरणारी पकड) नवा असला तरी ०.०५ ते ०.१० मिमी आऊट, म्हणजे केंद्रापासून सरकलेला असतो. एकदा जॉब सोडला की जुनं केंद्र गेलं, ते परत मिळत नाही. दोन घरांची केंद्रं एकमेकांपासून ०.१ मिमी सरकली असं धरा. २० मिमीच्या हबमध्ये दोन बेअरिंगच्या मध्यातलं अंतर १६ मिमी, म्हणजे ७५ मिमीच्या टायरच्या कडेला हाच फरक जवळपास अर्धा मिमी होऊन दिसतो. व्हर्नियर हे दाखवत नाही. तो व्यास मोजतो, केंद्र मोजत नाही.

म्हणून भोक, टायरची बैठक आणि बाहेरची कड ही तिन्ही कामं एकाच पकडीत संपवायची. तुकडा चाकाच्या जाडीपेक्षा १५ मिमी लांब घ्या, तेवढा भाग चकमध्ये राहू द्या. एचएसएस (हाय स्पीड स्टील) टूल असेल तर ५० मिमी व्यासाला ६०० आरपीएमच्या आसपास ठेवा. फेसिंग (तोंड सपाट करणं), सेंटर ड्रिल, ६ चा ड्रिल, १० चा ड्रिल, मग बोअरिंग टूलने १०.८५ पर्यंत. शेवटी ११ चा एच७ रीमर (एच७ म्हणजे भोकाच्या मापाला मिळणारी ठरलेली सूट), १५० आरपीएमला, रॉकेल सोडत, आरपार. दोन वेगळी घरं काढायचीच नाहीत. रीमर थेट ड्रिलच्या मागे घातला तर तो ड्रिलच्याच वाकड्या वाटेने जातो. भोक सरळ करतं बोअरिंग टूल, रीमर फक्त माप देतो.

त्याच पकडीत टायरची बैठक आणि कड काढा, मग पार्टिंग (सळईपासून कापून वेगळं करणं). सातही रिम इथपर्यंत आणून ठेवा. आता चकमध्ये एक फालतू तुकडा धरा, त्यावर १०.९९ चा खुंट काढा, खुंटाच्या तोंडात एम ५ चे (५ मिमी व्यासाचे) आटे पाडा. हा खुंट सातही रिम होईपर्यंत चकमधून सोडायचा नाही. प्रत्येक रिम त्यावर चढवा, वॉशर आणि बोल्टने आवळा आणि पुढचा खोलगट भाग कोरा. खुंटावर रिम हलत असेल तर खुंट टाका आणि नवा काढा, कागदाचं पॅकिंग लावू नका. डायल (बारीक फरक दाखवणारं काट्याचं मापक) कडेला टेकवून फिरवा. ०.०५ पर्यंत चालतं, ०.१ च्या वर गेलं की डोळ्याला दिसतं.

आता जड फिरणं. दोन बेअरिंगच्या मध्ये काही नसेल तर नट आवळताना आतल्या दोन्ही रिंगा एकमेकींकडे ढकलल्या जातात आणि गोळ्या आडव्या दाबल्या जातात. मध्ये स्पेसर हवा : आतून ५.१, बाहेरून ६.८, लांबी १२ (हबचे २० वजा बेअरिंगचे ८). बाहेरचा व्यास ६.८ पेक्षा फार वाढवू नका. स्पेसर बाहेरच्या रिंगेला टेकला की चाक पुन्हा अडकतं. स्पेसरची दोन्ही तोंडं त्याच्या लांबीला काटकोनात असू द्या. बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगा भोकात लॉकटाइट ६४१ ने (धातूचे भाग धरणारा चिकट द्रव) धरा. भोक थिनरने पुसा, थेंब भोकाला लावा, बेअरिंगला नाही. लगेच ॲक्सल घालून नट हलका आवळा आणि रात्रभर तसंच ठेवा. चिकटताना बेअरिंग स्पेसरच्या आधाराने आपोआप सरळ बसतात.

टायरबद्दल एक गोष्ट, विचारली नसली तरी. जुन्या ट्रकचा १०.००-२० टायर २० इंची रिमवर बसतो. १:१४ मध्ये ती रिम ३६.३ मिमीची. बाजारातले तयार टायर बहुधा २२.५ इंची ट्यूबलेस रिमच्या युरोपीय ट्रकचे असतात, त्यांचा हिशोब ४०.८ येतो. जुन्या ट्रकला ते लावले की रबर कमी, रिम जास्त असं दिसतं आणि गाडीचा तोंडवळाच बदलतो. रिम कापण्याआधी टायर हातात घ्या, आतलं माप मोजा आणि बैठक त्यापेक्षा अर्धा मिमी मोठी ठेवा.

प्रश्न : हबवर आठ बोल्टची भोकं २४ मिमी पीसीडीवर (भोकांची केंद्रं ज्या वर्तुळावर येतात त्याचा व्यास) हवीत. डिव्हायडिंग हेड (वर्तुळाचे समान भाग पाडणारं उपकरण) नाही. पंच मारून ड्रिल केलं तर एक-दोन भोकं हमखास सरकतात. (चिंचवड)

उत्तर : ड्रिल मशीनवर एक्स-वाय टेबल असेल तर डिव्हायडिंग हेडची गरज नाही. मधलं भोक शून्य धरा. चार भोकं १२.०० वर : उजवी, डावी, वर, खाली. उरलेली चार तिरकी, दोन्ही दिशांना ८.४८५. टेबलाचा स्क्रू ढिला असतो, म्हणून प्रत्येक मापाला एकाच दिशेने या. पुढे गेलात तर पूर्ण मागे जाऊन पुन्हा या. पंच मारूच नका, १ मिमीच्या सेंटर ड्रिलने टिपका द्या. टेबल नसेल तर लेथच्या स्पिंडलच्या मागच्या टोकाला ४० दातांचं गिअर बसवा आणि दर पाच दातांनी अडकवा. त्याच पकडीत टूल पोस्टवर टोकदार टूल आडवं धरून खूण करा.

प्रश्न : मागचा ॲक्सल ५ मिमी एमएसचा (साधं मऊ पोलाद), टोकाला एम ४ चे आटे, चाक नटाने आवळलेलं. हौद्यात १० किलो वाळू भरून चढावर घेतलं की आट्यांच्या मुळाशी तुटतो. दोनदा झालं. ८ च्या सळईतून ५ पर्यंत टर्निंग करताना मधला भागही जाड राहतो. (नाशिक)

उत्तर : आधी वजन बघा. २०१८ पर्यंत आपल्याकडे दोन ॲक्सलच्या ट्रकला एकूण १६.२ टन मान्य होते. लांबी १४ ने भागली की वजन १४ च्या घनाने, म्हणजे २,७४४ ने भागायचं. उत्तर ५.९ किलो, तेही गाडी धरून. तुमची गाडी खऱ्या मापात पाहिली तर प्रचंड ओव्हरलोड आहे.

तरीही ॲक्सल तुटतोय याचं मुख्य कारण वाळू नाही. एम ४ आट्यांच्या मुळाशी लोखंड उरतं ३.१४ मिमी. पीळ सोसण्याची ताकद व्यासाच्या घनावर चालते, म्हणजे तिथे ती ५ मिमीच्या पावपट. नुसत्या नटाच्या आवळण्यावर चाक फिरवलं की सगळा पीळ त्या पावपट जागेवर येतो. शिवाय पायरी काटकोनात कापलेली असेल तर चीर तिथूनच सुरू होते. तुटलेलं तोंड भिंगातून बघा. काठाकडे गुळगुळीत आणि मध्ये खरखरीत असेल तर ती चीर बऱ्याच दिवसांपासून वाढत होती.

आट्यांच्या आधी, ५ मिमीच्या भागात २ मिमीचं आडवं भोक पाडा, त्यात पिन घाला आणि हबच्या आतल्या तोंडाला पिनेपुरती खाच काढा. पीळ पिनेतून जाईल, नट फक्त चाक बाहेर येऊ देणार नाही. पायरी आणि आट्यांच्या मध्ये गोल टोकाच्या टूलने १ मिमी रुंद गळा काढा. टूलचं टोक ०.५ त्रिज्येचं हवं. आटे पाडण्याआधी व्यास ३.९ करा. पूर्ण ४.० वर डाय (सळईवर आटे पाडणारं हत्यार) चढवली तर ती आटे फाडते.

धातू बदला. एमएसऐवजी सिल्व्हर स्टील किंवा एन २४ (दोन्ही जास्त ताकदीची पोलादं) घ्या, तोही ग्राइंड केलेला ५ एच६, म्हणजे ४.९९२ ते ५.००० मधला. मग ५ मिमीचं टर्निंग करायचंच नाही, बेअरिंग थेट बसेल. कडक केलेली डॉवेल पिन (भाग जुळवायची तयार गोल पिन) मात्र घेऊ नका, तिच्यावर आटे पडत नाहीत. मधला भाग जाड राहतो कारण दोन्ही टोकांना आधार आहे आणि मध्ये सळई टूलपासून दूर वाकते. १२० मिमी लांब आणि ५ मिमी जाड कामात हे होणारच. कट कमी करून सुधारतं, पूर्ण जात नाही.

ॲक्सलवर ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा स्क्रू) टेकवत असाल तर तिथे आधी ०.५ मिमी खोल सपाट जागा घासा. नाहीतर स्क्रू बर (धातूची उठलेली कड) उठवतो आणि पुढच्या वेळी त्यावरून बेअरिंग निघत नाही.

प्रश्न : अल्युमिनियमच्या गिअरबॉक्समध्ये एम २ चा टॅप (भोकात आटे पाडणारं हत्यार) आत तुटला. तीन दिवस मेहनत करून काढलेला भाग आहे. वाचेल का? (सांगली)

उत्तर : वाचेल. खणायला जाऊ नका, टॅप ड्रिलइतकाच कडक असतो, ड्रिल बाजूच्या मऊ अल्युमिनियममध्ये शिरेल. किराणा दुकानातून फिटकरी आणा. भागातल्या पिना, बेअरिंग, स्क्रू असं सगळं लोखंडी सामान काढून घ्या. काचेच्या भांड्यात कडक पाण्यात विरघळेल तेवढी फिटकरी घाला, भोकाचं तोंड वर ठेवून भाग बुडवा आणि भांडं गरम पाण्याच्या परातीत ठेवा. थोड्या वेळाने भोकातून बारीक बुडबुडे यायला लागतील, टॅप गळतोय. बुडबुडे भोकातच अडकून बसतात, अधूनमधून भाग हलवा. पाणी काळपट झालं की बदला. कार्बन स्टीलचा टॅप लवकर जातो, एचएसएसला एक-दोन दिवस लागतात. अल्युमिनियमचा पृष्ठभाग थोडा मळकट होतो, भोकाचं माप जात नाही. पितळेच्या भागातही हा उपाय चालतो, लोखंडी भागात अर्थातच नाही.

पुढच्या वेळी १.६ ऐवजी १.७ चा ड्रिल घ्या. आटे थोडे उथळ होतात, पण ४ मिमी खोलीत स्क्रू तेवढ्यावर घट्ट धरतो आणि टॅपवरचा जोर बराच कमी होतो. बंद भोक आट्यांच्या खोलीपेक्षा दीड मिमी जास्त खोल हवं. टॅप बहुतेक वेळा तळाला टेकूनच तुटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, रॉकेल, आणि टॅप चकमध्ये हलका धरून उभा ठेवायचा, फिरवायचा हाताने.

प्रश्न : ०.८ मॉड्यूल (दाताच्या मापाचा आकडा), २४ दातांचं गिअर जॉबवर्कवर करून घेतलं. १६ दातांच्या तयार पिनियनबरोबर (जोडीतलं लहान गिअर) आवाज करतं आणि अडकतं. व्यास २०.८ बरोबर आहे. (कोल्हापूर)

उत्तर : व्यास बरोबर आहे : २४ अधिक २, गुणिले ०.८. शंका कटरच्या नंबरावर आहे. आठ कटरच्या डीपी (इंची मापाच्या) संचात नंबर १ सर्वांत जास्त दातांचा असतो, मॉड्यूल संचात बहुधा उलटं. २४ दात २१ ते २५ च्या गटात येतात : डीपीत तो नंबर ५, मॉड्यूलमध्ये नंबर ४. डीपीचा तक्ता बघून मॉड्यूल संचातला ५ लावला तर तो २६ ते ३४ दातांचा निघतो. दाताचं टोक जाड राहतं आणि नेमकं तुम्ही म्हणता तसं अडकतं. कटरवर दातांचा पल्ला कोरलेला असतो, चित्रावर नंबर न लिहिता तो पल्लाच लिहा. सोबत खोली १.८ आणि केंद्रांतलं अंतर १६.०० लिहा.

एखादाच दात जाड असेल तर चूक मोजणीची. हँडलच्या ४० फेऱ्यांना जॉबचा एक फेरा देणाऱ्या डिव्हायडिंग हेडवर २४ दातांसाठी एक पूर्ण फेरा आणि १८ च्या वर्तुळात १२ भोकं. पिन ज्या भोकात आहे ते मोजायचं नाही. सेक्टरच्या (भोकं मोजायला हेडवर असलेल्या जोडकाट्याच्या) दोन हातांत १३ भोकं दिसली पाहिजेत.

प्रश्न : रिमना काळं ॲनोडायझिंग (अल्युमिनियमवर विजेने तयार केलेला कडक थर) केलं. आधी अंगठ्याने बसणारं बेअरिंग आता आत जात नाही. (ठाणे)

उत्तर : ॲनोडायझिंगचा थर अर्धा धातूच्या आत आणि अर्धा बाहेर वाढतो. २० मायक्रॉनचा थर असेल तर भोकाचा व्यास साधारण २० मायक्रॉनने घटतो, आणि तुमचा एच७ चा सगळा वाव १८ मायक्रॉनचा. रीमर पुन्हा घालू नका. थर इतका कडक असतो की रीमरची धार जाईल. १० मिमीच्या लाकडी दांडीवर ६०० नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळा, तेल लावून हळूहळू फिरवा आणि दर पाच-सहा फेऱ्यांनी बेअरिंग लावून बघा. पुढचा लॉट देताना ११ च्या भोकात आणि एम २ च्या आट्यांत रबरी बुचं घालून द्या.