आवाज बंद करून बघा

प्रश्न : नमस्कार बाई. लहानपणी मामाकडे व्हीसीआरवर डिस्नेचा ‘स्लीपिंग ब्यूटी’ हा कार्टून सिनेमा बघितला होता. परवा नऊ वर्षांच्या लेकीबरोबर पुन्हा लावला. राजपुत्राचा चेहरा दुसऱ्या दिवशी आठवेना, पण ती शिंगांची दुष्ट परी मॅलेफिसंट दोघींच्याही डोळ्यांसमोरून हलत नाही. लेक रोज तिचंच चित्र काढते आणि “आई, तशी दिसत नाही गं” म्हणत खोडते. नेमकं काय चुकतंय?
— एक वाचक, सांगली

उत्तर : माझा अंदाज असा, की तुमची लेक चित्र डोळ्यांपासून सुरू करत असेल. मग भुवया, मग ओठ, आणि शिंगं व झगा शेवटी उरलेल्या जागेत. मी ३१ वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. दहापैकी आठ मुलं माणूस असाच काढतात. मॅलेफिसंट मात्र बाह्यरेषेपासून सुरू करावी लागते.

एक करून बघा. राजकन्येच्या बारशाला ती दरबारात अवतरते, तो प्रसंग लावा. आवाज पूर्ण बंद. ती स्थिर उभी राहिली की चित्र थांबवा, पडद्यावर बटर पेपर धरा आणि हलक्या हाताने तिची फक्त कड काढून घ्या. आतलं काही नाही. मग ती आकृती काळ्या स्केचपेनने भरायला सांगा. डोळे नाहीत, तोंड नाही, तरी ती तीच आहे हे शेजारचं पोरसुद्धा ओळखेल. वरची दोन शिंगं, ज्वाळेच्या जिभांसारखी टोकदार कॉलर, खाली जमिनीवर पसरत गेलेला झगा, आणि या सगळ्यातून सरळ उभी गेलेली काठी. आता याच प्रसंगातल्या राजपुत्राच्या वडिलांची कड काढा. तो गोल, बुटका राजाही लगेच ओळखू येतो. मोठा झालेला राजपुत्र काळा भरलात तर तो कुठल्याही गोष्टीतला कुठलाही राजपुत्र होतो. तुम्हाला त्याचा चेहरा आठवेना, त्याचं उत्तर बरंचसं इथेच आहे.

त्यात त्या चित्रकाराचा दोष मी मानत नाही. राजपुत्र मिल्ट काल यांनी हलता केला, म्हणजे त्याच्या हालचालींची चित्रं काढली, आणि ते डिस्ने स्टुडिओतले फार ताकदीचे हात होते. ‘जंगल बुक’मधला शेरखान त्यांचाच. पण देखणा, प्रमाणबद्ध माणूस काढणं सगळ्यांत अवघड. आपण जन्मभर माणसंच बघत असतो, त्यामुळे खांदा जरासा घसरला तरी डोळ्याला खुपतं. मग चित्रकार जपून काढतो, आणि जपून काढलेली रेषा लक्षात राहत नाही.

मॅलेफिसंट त्याच स्टुडिओतल्या मार्क डेव्हिस यांची. गंमत म्हणजे राजकन्या ऑरोराही त्यांनीच हलती केली. दोघी शेजारी ठेवून बघा. ऑरोराच्या कडा वाहत्या आहेत, केसांच्या बटा वेलीसारख्या वळतात. मॅलेफिसंटची प्रत्येक कड शेवटी टोकाला जाते. झग्याचं आतलं अस्तर डेव्हिसना लाल हवं होतं. पार्श्वभूमी रंगवणारे आयविंड अर्ल यांच्या आग्रहाने ते जांभळं झालं, आणि मला अर्ल यांचंच पटतं. काळ्याशेजारी लाल आला असता तर नजर अस्तरावरच अडकली असती. जांभळ्यामुळे ती फिकट हिरवट चेहऱ्यावर चढते.

अर्ल यांच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण सिनेमा पुन्हा बघताना त्यांच्याकडेच दुर्लक्ष होतं. मी स्वतः हा सिनेमा पन्नाशीनंतर नीट बघितला, भाचीने आणून दिलेल्या डीव्हीडीवर. तीन दिवस, एकेक प्रसंग थांबवत, मांडीवर वही घेऊन. पहिला पूर्ण दिवस जंगलातच गेला. झाडं चौकोनी, छाटून बसवल्यासारखी. खोडं उभी, फांद्या आडव्या, आणि सालीची प्रत्येक भेग, प्रत्येक पान स्वतंत्र रंगवलेलं. आमच्या इंटरमिजिएट परीक्षेच्या संकल्पचित्रात मुलांना हेच तर सांगायचो : आकार सुटसुटीत करा, मग त्यात बारकावा भरा. अर्ल यांनी मध्ययुगीन युरोपातल्या चित्रित पोथ्या आणि भिंतीवरचे विणलेले पडदे अभ्यासले होते. सिनेमा १९५९चा, ७० एमएमच्या रुंद पडद्यासाठी केलेला, त्यामुळे ही चित्रंही लांबलचक. पात्रं काढणाऱ्यांची तक्रार होती की एवढ्या भरगच्च जंगलापुढे आमचं माणूस दिसणार कसं. म्हणून पात्रंही सरळ, उभट, जरा कोनदार केली गेली. ऑरोरा एवढी उंच आणि सडसडीत आहे ती त्या झाडांमुळे.

आणखी एक अडचण डेव्हिसपुढे होती. मॅलेफिसंट कुणाच्या अंगाला हात लावत नाही, धावत नाही, नुसती उभी राहून बोलते. असं पात्र जिवंत ठेवायचं कसं? तिच्या खांद्याजवळ कावळ्याच्या जातीतला तो काळा पक्षी आहे ना, त्यामुळे तिला बोलायला कुणीतरी मिळालं. ती त्याला बोटाने कुरवाळते तेवढ्या क्षणापुरती तिची टोकं मवाळ होतात. तो क्षण लेकीला मुद्दाम दाखवा.

तीन पऱ्यांनाही सोडू नका. स्टुडिओचे प्रमुख वॉल्ट डिस्ने यांच्या मनात सुरुवातीला तिघी एकसारख्या होत्या. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या चित्रकारांनी तिघींचे स्वभाव वेगळे हवेत हे लावून धरलं. निळी मेरीवेदर बुटकी, गोल, कायम तडकलेली. तिला हात कमरेवर ठेवताना बघितलं की मला माझी धाकटी आत्या आठवते.

प्रश्न : ‘वन हंड्रेड अँड वन डाल्मेशियन्स’ मुलांना दाखवला. रेषा खरबरीत, पेन्सिलीच्या खुणा राहिल्यासारख्या दिसल्या. आमची प्रत खराब होती का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : प्रत चांगली आहे. त्या खुणा मूळच्याच, आणि मला त्या फार प्रिय आहेत.

आधीच्या सिनेमांत चित्रकाराच्या पेन्सिलीची रेषा स्टुडिओतल्या बायका पारदर्शक सेलवर (प्लास्टिकसारख्या तावावर) शाईने पुन्हा गिरवत आणि मागून रंग भरत. अप्रतिम सफाईचं काम, पण वेळखाऊ आणि महाग. १९६१च्या या सिनेमासाठी स्टुडिओतले तंत्रज्ञ अब आयवर्क्स यांनी झेरॉक्सचं तंत्र बसवलं आणि चित्रकाराची रेषा थेट सेलवर छापली जाऊ लागली. कुत्र्याची इतकी ठिपकेदार पिल्लं हाताने गिरवायची म्हणजे कोण वैताग! पिल्लांच्या एका घोळक्याच्या प्रती काढून पडदा भरता येऊ लागला. पार्श्वभूमीतही तेच केलं : रंगाचे मोकळे पट्टे आणि त्यावर रेषांचं छापलेलं चित्र, त्यामुळे घरं आणि कुत्री एकाच हातची वाटतात. वॉल्ट डिस्ने यांना हे रूप आवडलं नव्हतं. मी या बाबतीत त्यांच्या बाजूची नाही. गिरवलेल्या रेषेत सफाई येते, पण पहिल्या हाताचा जोर थोडा हरवतो. इथे तो जसाच्या तसा आहे.

यातली खलनायिका क्रुएला बघताना हे नक्की तपासा. तीही मार्क डेव्हिस यांचीच. अवाढव्य फरकोटाचा ढीग, त्यातून निघालेले काडीसारखे पाय आणि हाडकुळं मनगट. बटर पेपरचा प्रयोग हिच्यावरही करा.

प्रश्न : बाई, मी अकरावीत आहे. या परदेशी चित्रकारांकडून आपल्याकडे कुणी शिकलं होतं का?
— एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : हो, आणि मुंबईतच. क्लेअर वीक्स हे भारतात जन्मलेले अमेरिकन चित्रकार. डिस्नेमध्ये हरणाच्या पाडसाच्या ‘बँबी’ या सिनेमावर काम केलेले. १९५६ मध्ये ते फिल्म्स डिव्हिजन या सरकारी चित्रपट संस्थेच्या कार्टून विभागात शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत राम मोहन होते, ज्यांना पुढे भारतीय अॅनिमेशनचे जनक म्हटलं गेलं. तिथे जातककथेवर ‘द बॅनियन डिअर’ हा लघुपट झाला.

‘बँबी’च्या वेळी अमेरिकेतल्या मेन राज्यातून हरणाची दोन पाडसं स्टुडिओत आणली होती, चित्रकारांना समोर बघून काढता यावीत म्हणून. तू दोन्ही सिनेमे मिळव. दोन्हींत हरिण नुसतं उभं असेल तिथे थांब आणि फक्त पाय काढ. मागच्या पायाचा सांधा कुठे वळतो ते आधी बघ; सगळे तिथेच चुकतात. दहा-बारा पानं झाली की मला पाठव.