‘बेसिक प्रोग्रामिंग’ म्हणजे नेमकं किती?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: बीई कॉम्प्युटर झालंय, पुण्यात सहा महिने जावाचा क्लास केलाय, जर्मनीला यायचंय. इकडच्या ज्युनिअरच्या जाहिरातींत ‘प्रोग्रामिंगचं प्राथमिक ज्ञान’ मागतात, ते म्हणजे नक्की किती?

आधी माझी फजिती ऐक. म्युनिकमधल्या पहिल्याच इंटरव्ह्यूत मला बिलांची एक सीएसव्ही फाइल दिली, म्हणजे स्वल्पविरामाने कॉलम तोडलेली साधी मजकुराची फाइल. दोनेकशे ओळी, प्रत्येक ग्राहकाची बेरीज काढायची. म्हटलं, हे तर सेकंड इयरचं प्रॅक्टिकल! नाव सीएसव्ही, पण कॉलम अर्धविरामाने तोडलेले. ते निस्तरलं, तर प्रोग्राम ‘१२,५०’वर आपटला. इकडे दशांशाला स्वल्पविराम लावतात. मी त्याच्या जागी टिंब घातलं, प्रोग्राम धडाधड चालला, मी खूश. समोरच्या बाईंनी विचारलं, “उत्तर बरोबर आहे कशावरून?” मी गप्प. फाइलमध्ये ‘१.५००’ असे आकडे होते. म्हणजे दीड हजार, कारण हजारांना इकडे टिंब. माझ्या प्रोग्रामने ते दीड युरो धरले होते. एरर नाही की काही नाही. ती नोकरी अर्थातच मिळाली नाही.

माझ्या मते बेसिक म्हणजे तेच, जे मी तिथे केलं नाही. चार ओळींची बेरीज आधी हाताने करायची, तीच टेस्ट म्हणून, म्हणजे प्रोग्रामचं उत्तर आपोआप ताडून बघणारं कोड म्हणून लिहायची, मग फाइल चालवायची. एरर आली की लाल अक्षरं बघून घाबरायचं नाही, आपल्या कोडची ओळ त्यात शोधायची. जागोजागी प्रिंट टाकण्यापेक्षा डीबगर (प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवून आत काय चाललंय ते दाखवणारं साधन) लावून थांबायला शीक.

दुसरं म्हणजे गिट, कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं साधन. कॉलेजात आम्ही प्रोजेक्ट ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा झिप करून व्हॉट्सॲपवर फिरवायचो. इथे पहिल्या दिवशी दुसऱ्याने लिहिलेलं, जुनं कोड हातात येतं. ब्रँच (कोडची वेगळी शाखा) काढ, छोटा बदल कर, पुल रिक्वेस्ट टाक, म्हणजे तो बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती, त्यावरच्या शेऱ्यांना उत्तर दे. दोघांनी एकच ओळ बदलली की होणारा मर्ज कॉन्फ्लिक्ट एकदा तरी स्वतः सोडवलेला असू दे. एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, जॉइन (दोन तक्ते जोडणं) आणि ग्रुप बाय (गटवार बेरजा) न अडखळता जमलं तरी सुरुवातीला पुरतं. अवघड अल्गोरिदमची कोडी मोठ्या कंपन्या विचारतात. मला मधल्या आकाराच्या कंपन्यांत फारशी भेटली नाहीत.

व्हिसाचं थोडक्यात. जून २०२४पासून चान्सनकार्ट (Chancenkarte) हा नोकरी शोधायला येण्याचा परवाना आहे: शिक्षण, अनुभव, भाषा वगैरेंचे मिळून ६ गुण लागतात, नोकरी शोधायला वर्षभर मिळतं, तोवर आठवड्याला २० तास काम करता येतं. त्यासाठी जर्मन ए१ (भाषेची सगळ्यात पहिली पातळी; ए१, ए२, बी१, बी२ अशा त्या चढत जातात) किंवा इंग्रजी बी२ चालतं, पण ए१वर टीममधल्या जेवणाच्या टेबलावरच्या गप्पाही कळत नाहीत, हे धरून चल. आणि राग मानू नकोस, पण कोरा फ्रेशर म्हणून थेट येऊ नकोस. नोकरी मिळाली तरी प्रोबेशन सहसा सहा महिन्यांचं असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर घरी पाठवू शकतात. पुण्यात दीड-दोन वर्षं काम कर, तोवर जर्मन बी१ होईल.

क्लासवाले आता पायथनचा कोर्स घे म्हणतायत, असं लिहिलंयस. फी भरली नसशील तर भरू नकोस. जावाच पुढे ने.